सिम्समधला संसार: खरेपणा किती ठेवायचा, वेडेपणा किती

‘द सिम्स २’ हा माणसांचा संसार चालवण्याचा गेम २००४ साली आला. त्यातल्या स्ट्रेंजटाउन या वाळवंटी गावात क्युरियस आडनावाचे तीन भाऊ एकाच घरात राहतात. ते घर पहिल्यांदा उघडलं की कळतं, त्यांच्यातला पास्कल गरोदर आहे. परग्रहावरच्या लोकांनी त्याला उचलून नेलं होतं आणि परत आणून सोडलं होतं. त्या घरातलं बाकी सगळं मात्र नेहमीचं असतं. भांडी घासायची असतात, बिलं भरायची असतात, सकाळी नोकरीवर जायचं असतं. बाळ झाल्यावर ते रात्री रडतं, त्याला दूध लागतं, आणि हेळसांड झाली तर समाजकल्याण खात्याची बाई येऊन त्याला घेऊन जाते. बाळ हिरवं असतं, एवढाच फरक.

त्याच गावात स्मिथ कुटुंब राहतं. तिथला बाप परग्रहवासी, आई पृथ्वीवरचीच साधी बाई, मुलगा जॉनी हिरव्या रंगाचा आणि ऐन वयात आलेला. जवळच लष्करी शिस्तीचं ग्रंट कुटुंब आहे. त्यांचा थोरला टँक परग्रहवासीयांचा द्वेष करतो आणि मधला रिप मात्र जॉनीचा मित्र आहे. कथानक म्हणून पाहिलं तर हे पूर्ण अचाट आहे, पण शेजाऱ्यांमधली तेढ आणि दोन भावांची दोन मतं अगदी खरी वाटतात. जीवन-सिम्युलेशन गेममध्ये खरेपणा आणि वेडेपणा कसे जुळवावेत, याचा यापेक्षा चांगला नमुना मला माहीत नाही. कारण कितीही वेडं असू द्या, परिणाम खरा हवा. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

मार्गदर्शनासाठी मी ‘द सिम्स ४’ धरला आहे. त्याचा मूळ गेम १८ ऑक्टोबर २०२२ पासून फुकट मिळतो, त्यामुळे बहुतेकांकडे तो असतो. एखाद्या गोष्टीला विकतचा पॅक, म्हणजे मूळ गेमला जोडायची भर, लागत असेल तिथे तसं सांगितलं आहे. पॅक नसला तरी अडत नाही.

आधी ठरवा: या सेव्हमध्ये खरं काय राहणार

नवी सेव्ह, म्हणजे साठवून ठेवायचा नवा खेळ, सुरू केली की बहुतेक जण थेट माणसं बनवायला बसतात. थोडं थांबा. कागदावर तीन शब्द लिहा: पैसा, वय, नाती. या तिन्हींना हात लावायचा नाही, असं ठरवा. पैसा कष्टानेच येईल. वय वाढत राहील. आणि नात्यात जे घडलं ते घडलं, ते पुसायला जुनी सेव्ह उघडायची नाही. या तीन गोष्टी पक्क्या असल्या की बाकी जगाला हवं तितकं वेडं होऊ देता येतं.

अनेक खेळाडू याच्या उलट करतात. घर अगदी खऱ्यासारखं बांधतात, स्वयंपाकघरात मिक्सरपासून मसाल्याच्या डब्यापर्यंत सगळं आणून ठेवतात, कपड्यांसाठी शेकडो फाइली उतरवून घेतात. मग पैसा फसवणुकीच्या कोडने येतो, वय वाढणं बंद असतं आणि भांडण झालं की जुनी सेव्ह उघडली जाते. दिसायला सगळं वास्तव, पण तिथे काहीच पणाला लागलेलं नसतं. अशा घरात भूत आलं काय आणि पाहुणा आला काय, सारखंच. आठवडाभरात कंटाळा येतो आणि खेळाडू गेमला दोष देतो.

खरेपणा तपशिलात शोधू नका, असं मी म्हणतो त्यामागे गेमचा इतिहासही आहे. सिम्सचे निर्माते विल राइट यांचं घर १९९१ च्या अमेरिकेतल्या ओकलंडच्या आगीत जळालं. नव्याने संसार मांडताना माणसाला नेमकं काय काय लागतं, या विचारातून त्यांना या गेमची कल्पना सुचली, आणि पहिला ‘द सिम्स’ फेब्रुवारी २००० मध्ये आला. त्यातल्या चेहऱ्यांवर धड भावही दिसत नव्हते आणि बोलणं सिम्लिश या बनावट भाषेत होतं. तरी लोक त्या माणसांत जीव गुंतवत, कारण भूक, झोप, स्वच्छता, सोबत या गरजांचे पट्टे सतत खाली येत असत. जेवला नाही तर सिम, म्हणजे गेममधला माणूस, खंगायचा, बिल थकलं तर घरातली वस्तू उचलून नेली जायची. स्वयंपाकघराला आग लागली तर ती खरोखर पसरायची. दिसण्यात खरेपणा जवळपास नव्हता, परिणामांत मात्र पुरेपूर होता.

वेळेचं गणित बसवा

सिम्समध्ये साध्या वेगाने खेळताना आपला एक सेकंद म्हणजे तिथलं एक मिनिट. त्यामुळे नाश्त्याला तासभर लागतो आणि अंघोळ करून, कपडे बदलून बाहेर पडेपर्यंत सकाळ संपते. घड्याळाच्या बाबतीत खरेपणा आणायची धडपड सोडून द्या, ते जमण्यासारखं नाही. कॅलेंडर मात्र नीट बसवता येतं.

गेम ऑप्शन्समध्ये आयुर्मानाचे तीन पर्याय आहेत: छोटं, मध्यम, मोठं. ‘सीझन्स’ पॅक असेल तर ऋतू ७, १४ किंवा २८ दिवसांचा ठेवता येतो. हे दोन आकडे एकमेकांशी जुळले नाहीत तर आयुष्य विचित्र दिसतं. मध्यम आयुर्मानात तरुणपण साधारण २४ दिवसांचं असतं. ऋतू २८ दिवसांचा ठेवलात तर एखाद्या सिमचं सगळं तारुण्य एका पावसाळ्यात संपतं. माझा सल्ला असा: आयुर्मान मोठं, ऋतू ७ दिवसांचे. म्हणजे २८ दिवसांत एक वर्ष फिरतं, तोच सण त्याच घरात पुन्हा पुन्हा येतो आणि मागच्या खेपेला कोण होतं, या खेपेला कोण नाही, हे जाणवतं.

याच पानावर ‘सगळ्या सिमचं वय वाढू द्या’ या अर्थाचे पर्याय आहेत. आपल्या घराबाहेरच्या लोकांचंही वय वाढू द्या. शेजारी कायम तरुण आणि आपली आजी म्हातारी, असं झालं की जग खोटं वाटायला लागतं. तापमानाचा परिणाम मात्र सुरू ठेवावा की बंद, हे तुमच्यावर. मी सुरू ठेवतो. बर्फात पोहण्याच्या कपड्यांत बाहेर पडलेला सिम गारठून मरू शकतो, आणि सिम तसे बाहेर पडतात.

एकच विक्षिप्त माणूस, बाकी घर साधं

घरातले सगळेच विक्षिप्त असतील तर विक्षिप्तपणा दिसतच नाही. चौघांच्या घरात एकालाच ‘गूफबॉल’ (विनोदी), ‘एराटिक’ (लहरी) किंवा ‘क्लेप्टोमेनिअ‍ॅक’ असा स्वभाव द्या. बाकीच्यांना असे स्वभाव द्या, की त्या एकामुळे त्यांना काहीतरी सोसावं लागेल. चोरटा सिम शेजाऱ्यांकडून दिवा उचलून आणतो, ही गंमत. पण त्याची बायको ‘गुड’ स्वभावाची असेल आणि तिची त्याच शेजारणीशी मैत्री असेल, तर तिथे गोष्ट सुरू होते.

प्रौढ सिमला तीन स्वभाव देता येतात. माझी पद्धत अशी: पहिला स्वभाव त्याच्या कामाला उपयोगी पडणारा, दुसरा घरातल्या कोणाशी तरी न जुळणारा, आणि तिसरा विक्षिप्त माणसापुरता विक्षिप्त, इतरांना साधाच. ‘नीट’ (टापटीप) आणि ‘स्लॉब’ (गबाळा) यांना एका खोलीत ठेवणं हा जुना उपाय आहे आणि तो अजूनही उत्तम चालतो.

जुलै २०२२ मध्ये इच्छा आणि भीती ही योजना मूळ गेममध्ये फुकट आली. ती जरूर सुरू ठेवा. तिच्यातल्या भीतींची यादी बघण्यासारखी आहे. पुढे काही वाव नसलेल्या नोकरीत अडकण्याची भीती आणि गायीच्या तोंडाच्या माणूसखाऊ झाडाची भीती, दोन्ही एकाच यादीत, सारख्याच गांभीर्याने दिलेल्या आहेत. बनवणाऱ्यांनी सिमच्या दृष्टीने दोन्ही भीती खऱ्या मानल्या. तुम्हीही तसंच माना. झाडाला घाबरणाऱ्या सिमची भीती घालवायची असेल तर त्याला त्या भीतीला सामोरं जावं लागतं, आणि ते प्रकरण एखाद्या कौटुंबिक प्रसंगाइतकंच रंगतं.

पैसा तंग ठेवा

एकट्या सिमला सुरुवातीला २०,००० सिमोलियन (गेममधलं चलन) मिळतात आणि पुढच्या प्रत्येक माणसामागे २,०००. स्वतःच्या घरासाठी ही रक्कम बेताची वाटते, पण सुरुवातीचं घर घेऊनही हाती बरंच उरतं. घर घेऊन झाल्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि सी ही बटणं एकत्र दाबून कोडची चौकट उघडा. ‘मनी’ हा शब्द इंग्रजीत लिहा, एक जागा सोडा आणि कमी रक्कम टाका. पाचशे पुरेत. पैसे वाढवायला लोक ‘मदरलोड’ लिहून एका फटक्यात ५०,००० घेतात. तुम्ही त्याच चौकटीचा उपयोग पैसे कमी करायला करा.

तंगी असली की वेडेपणाला वजन येतं. आठवड्याचं बिल थकलं की आधी सूचना येते, मग वीज आणि पाणी तुटतं. भुताने रात्री नळ तोडला आणि दुरुस्तीला पैसे नाहीत, किंवा दुरुस्तीचं कौशल्य नसलेला सिम ओल्या हाताने विजेची वस्तू दुरुस्त करायला बसला, तर भूत ही शोभेची वस्तू राहत नाही. लखपती सिमच्या घरात तेच भूत निव्वळ सजावट ठरतं.

एक घर जवळून पाहू

हे सगळं एकत्र कसं चालतं ते एका घरावरून सांगतो. ‘सिटी लिव्हिंग’ पॅकमधल्या सॅन मायशुनो शहरात स्पाइस मार्केट नावाचा भाग आहे आणि तिथे कल्पेपर हाऊस ही स्वस्तातली इमारत. मी तिथे एक आजी आणि तिचा नातू ओंकार यांना ठेवलं. आजीला आधी नोकरीला लावून निवृत्त केलं, म्हणजे निवृत्तिवेतन सुरू झालं. ओंकार बिझनेस क्षेत्रातल्या सगळ्यात खालच्या पायरीवर, टपालखोलीत. भाडं दोघांच्या पैशांतून कसंबसं निघायचं. आजी ‘गूफबॉल’, ओंकार ‘नीट’ आणि ‘ग्लूमी’.

या शहरात खाली चौकात मसाल्यांचा उत्सव भरतो. तिथे तिखट रस्सा खाण्याची पैज असते, आणि रस्सा झेपला नाही तर सिमच्या तोंडातून खरोखर आगीचा लोळ बाहेर पडतो. ओंकार दुसऱ्या दिवशी कामावर जायचा म्हणून कोपऱ्यात उभा होता. आजी मात्र अनोळखी माणसांना विनोद सांगत सुटली. ‘द सिम्स ४’ मध्ये खेळकर भावना टोकाला गेली आणि सिम आणखी हसत राहिला तर तो हसून मरतो. आजीच्या चेहऱ्यावरची खूण बदलली तेव्हा तिला आरशासमोर उभं करून शांत करणं शक्य होतं, झोपवणंही शक्य होतं. पण मी तिला घरी घेऊन जाताना ओंकारनेच तिला विनोद सांगितला, स्वतःच्या मनाने, माझ्या आज्ञेविना. आजी घराच्या दारात कोसळली.

काळा झगा घातलेला यमदूत आला. ओंकारने त्याच्याकडे गयावया केली. ही विनंती कधी मान्य होते, कधी होत नाही. त्या वेळी झाली नाही. यमदूताने काम उरकलं आणि मग नेहमीप्रमाणे तिथेच रेंगाळत राहिला.

वेडेपणा इथे संपला आणि खेळ सुरू झाला. आजीचं निवृत्तिवेतन बंद. भाडं तेवढंच. ओंकार आधीच उदास स्वभावाचा, त्यात दुःख, त्यामुळे कामावर त्याची कामगिरी घसरली. रात्री आजीचं भूत अस्थिकलशातून बाहेर येऊन घरभर फिरायचं आणि त्याची झोप मोडायची. भाडं भरायला त्याने एक भाडेकरू घरात घेतली. तिला भुताची भीती होती. ही सगळी गोष्ट मी रचलेली नाही. मी फक्त पैसा, वय आणि नाती यांना हात लावला नाही.

वेडेपणाला आवतण द्या, पण हुकूम देऊ नका

ओंकारने विनोद स्वतःहून सांगितला, हे महत्त्वाचं. सिमना स्वतःच्या मनाने वागू देण्याचा पर्याय पूर्ण सुरू ठेवा. ‘निवडलेल्या सिमला स्वतःच्या मनाने वागू देऊ नका’ अशीही एक खूण असते, ती काढून टाका. शिवाय दिवसातला थोडा वेळ हात काढून नुसतं बघत बसा. संध्याकाळी कामावरून आल्यावरचा वेळ यासाठी चांगला, कारण तेव्हा सगळे घरी असतात आणि सगळ्यांच्या गरजांचे पट्टे एकदम खाली आलेले असतात.

सिमला मुद्दाम तळ्यात टाकून शिडी काढून घेणं, हा जुन्या भागांतला प्रसिद्ध खेळ होता. चौथ्या भागात तळी नोव्हेंबर २०१४ मध्ये आली आणि आता सिम शिडीशिवायही बाहेर येतो. मुद्दाम मारण्यात सुरुवातीला मजा येते, पण अशा मृत्यूतून पुढे काही निघत नाही, कारण त्यामागे घरातल्या कोणाचंच काही नसतं. त्यापेक्षा घरात धोका ठेवा आणि सोडून द्या. ‘टायनी लिव्हिंग’ पॅकमधला भिंतीत दुमडणारा पलंग हे उत्तम साधन आहे. लहान घरात तो खरंच सोयीचा, स्वस्त आणि शोभणारा. पण साधा, न सुधारलेला पलंग उघडताना अंगावर आदळून माणूस मरू शकतो. गरिबाच्या घरातली गरजेची वस्तू, आणि तिच्यातच मरण. गायीच्या तोंडाचं झाड अंगणात लावलं तर त्याला वेळेवर खायला घालण्याची जबाबदारी घरातल्या एकावर द्या. तो कामात अडकला की झाड भुकेलं होतं, जिभेचा केक करून पुढे धरतं, आणि पाहुणा तो खायला जातो.

अद्भुत प्राणी: एका सेव्हमध्ये एकच जात

रक्तपिपासू (व्हँपायर), मांत्रिक, नरवृक (वेअरवुल्फ), जलपरी, परग्रहवासी: सगळे पॅक असतील तर सगळे एकाच गावात येतात आणि कोणाचंच अप्रूप राहत नाही. एक जात निवडा. निवडताना तिची अडचण बघा, ताकद नव्हे.

रक्तपिपासू सिम उन्हात जळतो. त्याला दिवसपाळीची नोकरी आणि शाळेत जाणारं मूल द्या. मुलाच्या शाळेच्या कार्यक्रमाला बाप येऊ शकत नाही आणि कारण सांगू शकत नाही, यात सगळं आलं. नरवृकाचा राग एका पट्टीत साठत जातो आणि मग तो घरातलं सामान फोडतो. त्याच्यासोबत ‘नीट’ स्वभावाचा जोडीदार ठेवा आणि हात तंग ठेवा, प्रत्येक पौर्णिमा जड जाईल. मांत्रिक सिम जास्त जादू करत राहिला तर अंगात साठलेल्या शक्तीने मरू शकतो. भांडी घासण्यापुरती जादू वापरणारी थकलेली आई यातून सहज उभी राहते.

ज्यांना हे प्राणी आपल्या गावात नकोत त्यांच्यासाठी ‘एमसी कमांड सेंटर’ हा मॉड, म्हणजे गेममध्ये बदल करणारी बाहेरची जोडफाइल, आहे. त्यातून लोकसंख्या, लग्नं, गरोदरपण, प्राण्यांचं प्रमाण असं बरंच काही आवरता येतं. सुरुवातीला एवढा एकच मॉड ठेवा. गेमची नवी आवृत्ती आली की मॉड आपोआप बंद होतात आणि त्यांचीही नवी आवृत्ती यावी लागते. तीसएक मॉड असले की कशामुळे काय बिघडलं हे शोधण्यातच सुट्टी जाते.

सणवार: इथे दोन्ही सहज जुळतात

‘सीझन्स’ पॅकमधला हार्वेस्टफेस्ट हा सण बघा. घरचे एकत्र जमतात, मोठं जेवण होतं, पाहुणे येतात, आभार मानले जातात. आणि त्याच दिवशी घरात बुटके बाहुले प्रकट होतात. त्यांना खूश ठेवावं लागतं. कोणाला कॉफी हवी, कोणाला आणखी काही. खूश झाले तर बियाण्यांची पाकिटं देतात, नाराज झाले तर त्रास देतात. वरचा भाग कोणत्याही घरातला वाटावा असा, आणि त्यात एकच वेडा घटक मिसळलेला. प्रमाण अगदी बरोबर आहे.

तुम्हाला स्वतःचा सणही बनवता येतो. कॅलेंडर उघडा, नाव द्या, चिन्ह निवडा, कामाला आणि शाळेला सुट्टी द्या, आणि जास्तीत जास्त पाच परंपरा जोडा. गणपती बसवायचा असेल तर मोठं जेवण, पाहुण्यांना बोलावणं, एकत्र गाणं अशा परंपरा जुळतात. मी चार साध्या आणि एक वेडी परंपरा ठेवतो. वेडी परंपरा घरातल्या सगळ्यात गंभीर माणसाला आवडणार नाही अशी निवडावी. परंपरा पाळली नाही तर सणाचा आनंद कमी होतो, आणि पाळायची तर त्याला मन मारावं लागतं.

कपड्यांचंही थोडं सांगतो, कारण मराठी घर बनवताना लोक इथे अडतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेला ‘फॅशन स्ट्रीट’ हा किट मुंबईच्या रस्त्यांवरच्या फॅशनवरून प्रेरणा घेऊन बनवलेला आहे. आझाद मैदानाजवळच्या त्या दुकानांच्या रांगेत ज्यांनी घासाघीस केली आहे त्यांना तो आवडेल. पण त्याशिवायही चालतं. साडी हुबेहूब नसली तरी बिल वेळेवर भरणारी आजी मराठी वाटते.

तोल गेला हे कसं ओळखायचं

जास्त वास्तव झालं असेल तर खेळ कामाच्या यादीसारखा होतो. सकाळी उठवा, खाऊ घाला, कामावर पाठवा, परत. तीन खुणा बघा: तुम्ही सतत जास्त वेगाने खेळताय, सिमच्या रांगेत कायम तुम्हीच दिलेल्या आज्ञा आहेत, आणि बऱ्याच दिवसांत घरात कोणी अनोळखी माणूस आलेला नाही. यावर मोठा उपाय करू नका. आग-वीज असं काही आणण्याऐवजी घरातल्या एकाची नोकरी बदला. अवकाशयात्री, विनोदी कलाकार किंवा गुन्हेगारी क्षेत्र मूळ गेममध्येच आहेत. किंवा एखाद्या लांबच्या नातेवाइकाला राहायला आणा, ज्याचा स्वभाव तुम्ही न बघता ठरवलेला असेल. स्वभावांची यादी उघडून डोळे मिटून बोट ठेवा.

वेडेपणा जास्त झाला तर खूण एकच: तुम्हाला घरातल्या माणसांची काळजी वाटेनाशी होते. पुन्हा यमदूत आला तरी तुम्ही खिडकीचे पडदे बदलत असता. अशा वेळी नवं संकट थांबवा आणि जुन्याचे परिणाम वसूल करा. ज्याला मरून दोन दिवस झाले त्याच्या बायकोला माहेरी पाठवा, मुलाची शाळेतली घसरलेली प्रगती सुधारा, कर्ज झालंय असं समजून घरातल्या वस्तू विका. ‘पेरेंटहूड’ पॅक असेल तर मुलांच्या वळणाचे पट्टे उघडा: शिष्टाचार, जबाबदारी, सहानुभूती, भावनांवर ताबा, भांडण मिटवण्याची हातोटी. वेड्या घरात वाढलेल्या मुलांचे हे पट्टे बहुधा वाईट अवस्थेत असतात. ते सावरायला बराच काळ लागतो आणि तेवढ्यात घर पुन्हा जमिनीवर येतं.

शेजाऱ्यांच्या आयुष्यात गेम आपोआप बदल करतो, ‘नेबरहूड स्टोरीज’ या नावाने. कोणी नोकरी सोडतं, कोणी मूल दत्तक घेतं. हे पूर्ण बंद करू नका. ज्या दोन-तीन घरांवर तुमचा जीव आहे त्यांच्यापुरतं बंद करा आणि बाकी गाव चालू द्या.

दुसरे गेम खेळत असाल तर

प्रत्येक गेममध्ये एक बाजू तयार मिळते आणि दुसरी आपण आणायची असते. निन्टेंडोच्या ‘टोमोडाची लाइफ’ मध्ये वेडेपणा ओसंडून वाहतो. तिथली माणसं विचित्र स्वप्नं बघतात, गाणी गातात, आणि त्यांना नीट नोकरी असं काही नाही. त्यामुळे खरेपणा माणसांतून आणावा लागतो. काल्पनिक पात्रांऐवजी घरचे, मित्र, जुने शिक्षक यांचे पुतळे बनवा. काका आणि वर्गातला मित्र यांच्यात भांडण लागलं की तोच प्रसंग कितीतरी पटीने रंगतो.

‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स’ मार्च २०२० मध्ये आला. तिथे प्राणी बोलतात आणि टॉम नूक घरासाठी कर्ज देतो, तेही बिनव्याजी आणि मुदतीशिवाय. म्हणजे पैशाचा धाक नाहीच. खरेपणा आहे तो घड्याळात, कारण गेम तुमच्या खऱ्या वेळेवर चालतो. दुकान रात्री दहाला बंद होतं, रविवारी घेतलेले सलगम पुढच्या रविवारी सडतात. म्हणून या गेममध्ये एकच पथ्य सांगेन: कन्सोलची तारीख पुढेमागे करू नका. ती केली की तिथला एकमेव खरा धागा तुटतो.

‘इनझोई’ मार्च २०२५ मध्ये, पूर्ण तयार होण्याआधीच, अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये आला आणि त्याची बाजू उलटी आहे. चेहरे, प्रकाश, रस्ते फोटोसारखे खरे. अशा गेममध्ये खेळाडूला वाटतं की सगळंच सुंदर आणि नीटनेटकं हवं, आणि मग रोज तीच सुंदर माणसं तीच सुंदर कॉफी पीत बसतात. तिथे माणसं बनवताना चेहरा सुंदर करण्याचा मोह टाळा. एक म्हातारा, एक अजागळ, एक अकारण भडकणारा असं घर बांधा. त्यांना लहान जागेत दाटीवाटीने ठेवा आणि पहिल्या काही दिवसांत आज्ञा कमीत कमी द्या.

शेवटी सेव्हबद्दल. जुनी सेव्ह उघडून घडलेलं पुसायचं नाही, हे खरं, पण फाइल बिघडणं वेगळं आणि सिम मरणं वेगळं. संगणकावर डॉक्युमेंट्समध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स, त्यात द सिम्स ४, त्यात ‘सेव्हज’ नावाचं फोल्डर असतं. प्रत्येक अपडेटच्या आधी ते संपूर्ण फोल्डर दुसरीकडे कॉपी करून ठेवा, आणि त्या प्रतीच्या नावात त्या दिवशी घरात काय चाललं होतं ते लिहा. नुसती तारीख पाहून कोणती प्रत कुठली हे लक्षात राहत नाही. ‘आजी गेल्यानंतर, भाडेकरू येण्याआधी’ असं लिहिलेलं असलं की लगेच कळतं.